पाना आमच्या हातात, चावी कुणाच्या?

विहीर म्हटली की आपल्या माणसाला पाणी आठवत नाही, बंदी आठवते. कुणाची आजी काठापासून चार हात लांब घागर ठेवून उभी राहिलेली. कुणाच्या आज्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतलेलं. पण या देशात दुसऱ्याही विहिरी आहेत. मुंबईच्या पश्चिमेला, भर समुद्रात. त्यांच्यातून तेल आणि गॅस निघतो. त्या विहिरीला हात लावला म्हणून कुणी डोकं फोडत नाही. उलट म्हणतात, ये, हात लाव, गळतंय बघ. आणि लवकर आटप. उत्पादन थांबता कामा नये.

या 'थांबता कामा नये'चा हिशोब मला मांडायचा आहे.

मी जामनेरचा. आयटीआय फिटर. ठेकेदाराचा माणूस म्हणून काही वर्षं समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर पाना फिरवला. ठेकेदाराचं नाव इथे देत नाही. एका नावाला शिव्या दिल्या की बाकीचे धुतल्या तांदळासारखे उभे राहतात. मला एक माणूस नको, अख्खी रीत पकडायची आहे.

तुम्ही म्हणाल, जामनेरचा आणि समुद्राचा संबंध काय? पाचोऱ्याहून येणारी पीजेची छोटी गाडी जामनेरला येऊन संपायची, पुढे रूळच नव्हते. समुद्र कुठला! पण बघा. आमची वाघूर तापीला मिळते आणि तापी अरबी समुद्राला. त्या समुद्रात तापीच्या नावाचं गॅसक्षेत्रही होतं, आता बंद पडलंय. बॉम्बे हायमध्ये तेल लागलं १९७४ साली, 'सागर सम्राट' रिगने खोदलेल्या विहिरीत. १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झालं. त्याच साली बसीनचा गॅस सापडला. या समुद्रातला गॅस उरणला येतो, हजिऱ्याला जातो. उरणहून मुंबईच्या शेगड्यांत, रिक्षांत, बेस्टच्या बसमध्ये. थळच्या कारखान्यात त्याचा युरिया होतो आणि तो युरिया आमच्या तालुक्यातल्या कपाशीच्या बुडाशी पडतो. टाकणारी बाई रोजंदारीवरची. म्हणजे त्या विहिरीशी आपला संबंध दोन्ही टोकांना आहे. तिकडे पाना आपला, इकडे पाटी आपली. मधला नफा तेवढा आपला नाही.

आता मुद्दा व्हॉल्व्हचा. शहरातल्या मित्रांनो, तुमच्या वस्तीत सकाळी लांब दांड्याची चावी घेऊन येणारा, रस्त्यातलं झाकण उघडून पाणी सोडणारा चावीवाला तुम्ही पाहिला असेल. आमच्याकडे केळीच्या बागेत ठिबकचे व्हॉल्व्ह असतात. तो गळायला लागला तर सालदार काय करतो? मोटर बंद करतो, व्हॉल्व्ह खोलतो, रबर बदलतो, पुन्हा बसवतो. अर्ध्या तासाचं काम. मोटर बंद करायला त्याला मालकाची परवानगी लागत नाही. चालू मोटरवर व्हॉल्व्ह खोल म्हणणाऱ्याला तो वेड्यात काढील.

समुद्रातल्या विहिरीत पाण्याऐवजी गॅस असतो. दाब असा की बारीक फटीतून सुटलेला झोत कातडं फाडील. आणि मोटर बंद करायचा बटण सालदाराच्या हातात नसतो.

विहीर कशी असते ते आधी समजून घ्या. आपल्या पोरांनी यंत्राला घाबरून चालणार नाही. यंत्र कळलं नाही की माणूस नुसता हमाल राहतो. जमिनीत मोठा लोखंडी पाइप उतरवलेला असतो, केसिंग. त्याच्या पोटात दुसरा लहान पाइप, ट्यूबिंग. गॅस येतो तो या आतल्या ट्यूबिंगमधून. दोघांच्या मधल्या पोकळीत एरवी चालू गॅस नसावा, पण जुन्या विहिरीत तिथेही दाब चढतो. वर, प्लॅटफॉर्मवर, व्हॉल्व्हची एक उतरंड असते. तिला म्हणतात ख्रिसमस ट्री! नाताळचं झाड. खाली दोन मास्टर व्हॉल्व्ह, बाजूला विंग व्हॉल्व्ह, टोकाला स्वॅब व्हॉल्व्ह. आणि समुद्राच्या तळाखाली ट्यूबिंगमध्ये एक सुरक्षा व्हॉल्व्ह. वरून येणाऱ्या तेलाच्या दाबाने तो उघडा राहतो. वर काही घात झाला, तो दाब गेला, की आपोआप मिटतो. म्हणजे माणूस मेला तरी तो मिटला पाहिजे. म्हणून तोच गळायला लागला तर गोष्ट गंभीर.

व्हॉल्व्ह दोन तऱ्हेने गळतो. एक, आतून. बंद केला तरी गॅस पुढे सरकतोच. दुसरं, बाहेर. दांड्याभोवतीचं पॅकिंग झिजतं आणि गॅस थेट माणसाच्या तोंडावर येतो. खारी हवा, वाळू, गंज, वर्षानुवर्षं तेच लोखंड. गळती ही होणारच. प्रश्न आहे ती कशी थांबवायची.

उत्पादन चालू ठेवून ती थांबवण्याच्या खऱ्याखुऱ्या रीती आहेत. थट्टा करण्यासारख्या नाहीत. पहिली रीत ग्रीसची. व्हॉल्व्हच्या अंगावर छोटं निपल असतं. त्यातून जोरदार दाबाने ग्रीस किंवा सीलंट भरायचं. किरकोळ गळती थांबते. काही दिवस तरी.

दुसरी रीत प्लगची, आणि ती बघण्यासारखी आहे. केसिंगच्या बाजूला जे तोंड असतं, त्यात आतून आटे पाडलेले असतात. त्या तोंडावरचा व्हॉल्व्ह गळका झाला की त्याच्या बाहेरच्या फ्लँजला एक लांब दाबबंद नळी जोडतात. ल्युब्रिकेटर. नळीची आधी दाबाने परीक्षा. मग व्हॉल्व्ह उघडायचा आणि त्याच्या पोटातून, चालू दाबावर, दांड्याच्या टोकाला लावलेला प्लग आत सरकवून आट्यांत पिळून बसवायचा. नळीतला दाब सोडायचा आणि घड्याळ लावून वाट बघायची. काटा पुन्हा चढतो का? नाही चढला, म्हणजे प्लगने दाब धरला. मग गळका व्हॉल्व्ह काढायचा, नवा बसवायचा, तपासायचा, पुन्हा नळी लावून प्लग काढून घ्यायचा. इकडे हे चाललेलं असताना मधल्या ट्यूबिंगमधून गॅस वाहतोच आहे. एक तासही उत्पादन बुडत नाही.

तिसरी रीत सीलंटची. खोलवरच्या बारीक गळतीसाठी. हा द्रव नळीत पातळच राहतो. जिथे फटीतून दाब एकदम पडतो, तिथेच तो घट्ट होतो आणि फट बुजवतो. जखमेवर रक्त गोठावं तसं. त्यामुळे अख्खं ट्यूबिंग उपसायचा, त्यासाठी रिग आणायचा खर्च वाचतो.

ही माणसाच्या बुद्धीची कमाई आहे. मी प्लग बसताना पाहिलाय. चार माणसं, तोंडातून शब्द नाही, सगळ्यांचे डोळे एका काट्यावर. अशा कामाला मी सलाम करतो. पण त्याच कामात एक घडी येते. जुना व्हॉल्व्ह निघालाय, नवा अजून बसला नाही. त्या घडीला विहिरीचा दाब आणि माणसाची छाती यांच्यामध्ये फक्त एक प्लग असतो. या धंद्याचा जुना नियम आहे, दाब आणि माणूस यांच्यात दोन आडोसे पाहिजेत. एक गेला तर दुसरा. इथे काही मिनिटं एकच असतो. आणि आटेच गंजलेले निघाले तर? प्लग धरतच नसेल तर? गळती मास्टर व्हॉल्व्हची असेल तर? तर ही कला संपली. मग एकच शब्द उरतो. थांबवा.

हा शब्द कोण उच्चारणार? माझा सगळा लेख या एका प्रश्नासाठी आहे.

कागदावर उत्तर छान आहे. काम सुरू करण्याआधी परमिट निघतं. गॅस तपासलेला असतो. कोण काय करणार लिहिलेलं असतं. धोका दिसला तर कुणीही काम थांबवू शकतो, असा फलकही भिंतीवर लावलेला असतो. मी असा फलक रोज वाचायचो. इंग्रजीत. माझ्या टोळीत आठ माणसं, त्यातल्या सहांना तो वाचता येत नव्हता. परमिटही इंग्रजीत. सही मात्र सगळ्यांची. एकदा आमच्यातल्या एकाने काटा चढतोय म्हणून हात आखडता घेतला. काम थांबलं, तपासलं, त्याचं बरोबर निघालं. शाबासकी मिळाली. आणि ठेक्याची पुढची फेरी निघाली तेव्हा त्याचं नाव यादीत नव्हतं. कुणी काही बोललं नाही. बोलायची गरजच काय? उरलेल्या सातांना फलकाचा खरा अर्थ त्या दिवशी मराठीत कळला.

मित्रांनो, हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. ६ जुलै १९८८. स्कॉटलंडजवळच्या समुद्रातला पायपर अल्फा प्लॅटफॉर्म. एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला. भोकावर नुसती झाकणाची चकती बसवलेली. काम संपलं नाही, पाळी बदलली, परमिट कागदांत पडून राहिलं. रात्री दुसरा पंप बंद पडला. वीज जाईल, उत्पादन थांबेल म्हणून व्हॉल्व्ह काढलेला पंप सुरू केला गेला. चकतीतून गॅस सुटला, स्फोट झाला. आणि पुढचं ऐका. शेजारचे दोन प्लॅटफॉर्म, क्लेमोर आणि टार्टन, त्याच पाइपांच्या जाळ्याला जोडलेले होते. तिकडून आगीचे लोळ दिसत होते. तरी ते तेल आणि गॅस ढकलत राहिले, कारण उत्पादन बंद करायचं तर वरून होकार लागतो. टार्टनकडून येणारा गॅसचा पाइप आगीत फुटला आणि सगळं संपलं. १६७ माणसं मेली. दोघं तर वाचवायला गेलेल्या बोटीवरची. मेलेल्यांत बहुतेक ठेकेदारांचे कामगार होते.

गोरी माणसं होती ती. तिथे जात नव्हती. तरी मेली, कारण पाना एकाच्या हातात आणि चावी दुसऱ्याच्या. लॉर्ड कलन यांच्या चौकशीचा अहवाल १९९० साली आला, १०६ शिफारशी आल्या, खटला मात्र कंपनीवर भरला गेला नाही. पण अहवालाची वाट बघत तिथले कामगार बसले नाहीत. १९८९ साली त्यांनी स्वतःची समिती उभी केली, त्या साली आणि पुढच्या साली प्लॅटफॉर्मवरच ठाण मांडलं. अनेकांना काढलं, काळ्या यादीत टाकलं. त्याच सुमाराला कामगारांनी निवडलेले सुरक्षा प्रतिनिधी कायद्याने मान्य झाले. शहाणपण तिथेही वरून गळलं नाही. खालून काढावं लागलं.

आता आपल्या समुद्राकडे या. २७ जुलै २००५. आदल्या दिवशीच्या पावसाने मुंबई बुडालेली, हेलिकॉप्टरं उडत नव्हती. 'समुद्र सुरक्षा' या जहाजावरच्या एका स्वयंपाक्याच्या बोटांना इजा झाली होती. त्याला क्रेनच्या टोपलीतून मुंबई हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मवर चढवण्यासाठी जहाज जवळ आणलं. समुद्र खवळलेला. जहाज गॅसच्या उभ्या पाइपांवर आदळलं. पाइप फुटले, आग लागली, दोनेक तासांत प्लॅटफॉर्म जमीनदोस्त, म्हणजे समुद्रदोस्त. २२ माणसं गेली. त्यानंतर २००८ साली समुद्रातल्या तेल-गॅस कामाच्या सुरक्षेचे वेगळे नियम झाले. म्हणजे १९७६ पासून गॅस आणि तेल उपसतोय, आणि नियमांची वही बत्तीस वर्षांनी उघडली.

पुढे १७ मे २०२१. तौक्ते चक्रीवादळ. हवामान खात्याचे इशारे आधीच आलेले. पी-३०५ नावाचा राहायचा तराफा, त्यावर २६१ माणसं, तिथेच समुद्रात नांगर टाकून. वेल्डर, रिगर, फिटर, हेल्पर, स्वयंपाकी. वादळात नांगर तुटले आणि तराफा बुडाला. वरप्रदा ही टगबोटही बुडाली. दोन्ही मिळून ८६ मेले. इथे तर व्हॉल्व्ह नव्हता, गळती नव्हती. फक्त काम होतं, आणि काम सोडून बंदरात जायचा निर्णय त्या २६१ जणांच्या हातात नव्हता. वादळाच्या आधी किनारा गाठण्याइतकी साधी गोष्ट! कोळ्याच्या पोराला विचारा, तो सांगेल.

काही मित्र मला विचारतात, यात दलितांचा प्रश्न कुठे आला? त्या तराफ्यावर सगळेच होते. खरं आहे. माझ्या टोळीत केरळचा ख्रिस्ती वेल्डर होता, बिहारचा मुसलमान रिगर होता, बलियाचा यादव होता. समुद्र आडनाव विचारून बुडवत नाही. पण तराफ्यावर पाय ठेवायच्या आधी आडनाव विचारलेलं असतं! माझ्याकडे फिटरचं सर्टिफिकेट होतं. मुकादमाने आडनाव ऐकलं, गाव विचारलं, मग गावात घर कुठल्या बाजूला ते विचारलं. आणि पहिले तीन महिने मला काय दिलं? टाक्या घासायचं काम. सर्टिफिकेट नसलेला त्याचा गाववाला पाना घेऊन फिरला. "करून राहिला ना भो काम, मग आणखी काय पायजे?" हे मला ऐकवणारा आमच्याच खान्देशातला होता.

बाबासाहेबांनी हे १९३८ साली सांगून ठेवलंय, आणि कुठे? इथेच, मनमाडला, जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगाराचे दोन शत्रू, हे तिथलं सांगणं सगळ्यांना पाठ आहे. त्याच भाषणातला दुसरा भाग आपण विसरतो. रेल्वेत आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. गिरणीत कापड खात्याची दारं त्याला बंद, कारण तिथे पगार जास्त. म्हणजे बाबासाहेब नुसतं 'काम द्या' म्हणत नव्हते. कुठलं काम, कुठल्या खात्यात, वर चढायची शिडी कुठे, हे विचारत होते. आज गँगमनच्या जागी हेल्पर लिहा. बाकी मजकूर तोच.

सरकारी कंपनीच्या कायम नोकरीत आरक्षण असतं. अनुसूचित जातीला १५ टक्के, जमातीला साडेसात. आपल्या पोरांनी परीक्षा दिल्या, काही आत गेले, इंजिनियर झाले. पण ठेकेदाराच्या हजेरीबुकात आरक्षण नसतं. कायम जागा कमी करत जा, ठेका वाढवत जा. आरक्षण रद्द करायची गरजच नाही, ते आपोआप सुकतं. घटनेला हात न लावता घटना रिकामी करायची ही रीत! १९७० चा ठेका कामगार कायदा होता, बारमाही कामात ठेका बंद करायची तरतूद होती. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ठेका बंद झाला तरी कामगार आपोआप कायम होत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. कायद्याचं नाव बदललं. हजेरीबुक ठेकेदाराच्याच काखेत.

आणि 'उत्पादन चालू ठेवून दुरुस्ती' ही गोष्ट आपल्याला नवी कधी होती? शहराचं गटार तुंबतं. शहर काय संडास बंद ठेवतं? वरून चालूच असतं आणि खाली माणूस उतरवला जातो. कुठल्या जातीचा, ते सांगायला हवं का? गटारात जो गॅस जीव घेतो तो हायड्रोजन सल्फाइड. बसीनच्या विहिरींतल्या गॅसमध्येही तोच असतो, हजिऱ्याला तो काढून गॅस साफ करतात. थोडा असला की सडक्या अंड्याचा वास येतो. वाढला की नाकच बधिर होतं, वास गेल्यासारखा वाटतो, माणूस म्हणतो धोका टळला, आणि पडतो. प्लॅटफॉर्मवर त्यासाठी छातीला लावायचं यंत्र असतं, श्वासाचं नळकांडं असतं, वारा कुठला आहे ते दाखवणारी पिशवी फडकत असते. गटारात दोरी असते. गॅस तोच, फुप्फुस तेच. एका ठिकाणी नियमांची वही आहे, कारण तिथे कोट्यवधींचं लोखंड आहे. दुसऱ्या ठिकाणी २०१३ चा कायदा आहे, सर्वोच्च न्यायालयाचे २०१४ आणि २०२३ चे निकाल आहेत, मेल्यावर भरपाई आधी १० लाख, मग ३० लाख ठरली आहे. दोरी मात्र अजून दोरीच आहे.

आता समोरचा काय म्हणेल तेही ऐकून घेऊ. तो म्हणेल, बाबा रे, प्रत्येक गळतीला विहीर बंद केली तर देश चालेल कसा? बंद केलेली विहीर कधी कधी पुन्हा नीट चालूच होत नाही. पाणी साचतं, दाब बसतो. शिवाय बंद करणं, चालू करणं यातही धोका असतोच. हे सगळं खरं आहे. मी स्वतः पाना धरलाय, मला खोटं बोलायचं नाही. प्रत्येक गळतीला विहीर बंद करा, असं मी म्हणतच नाही. ग्रीसने थांबते तिथे ग्रीस भरा. प्लग धरतो तिथे प्लग बसवा. पण धरतोय की नाही हे काट्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला दिसतं, मुंबईतल्या थंड खोलीतल्या फळ्यावर दिसत नाही. फळ्यावर फक्त आकडा असतो. आजचा आकडा कालच्यापेक्षा कमी का, एवढंच तो फळा विचारतो. अपघाताच्या दिवशी तोच आकडा शून्य होतो, त्याचं काय? मुंबई हाय नॉर्थ दोन तासांत गेला. किती विहिरी किती दिवस बंद ठेवल्या असत्या तर तेवढं नुकसान झालं असतं? हिशोब मांडायचाच तर पुरता मांडा. आमचं मरण त्यात फुकट धरू नका.

म्हणून माझं मागणं 'आम्हाला वाचवा' असं नाही. भीक आपण मागत नाही. माझं मागणं चावीचं आहे.

एक, परमिट कामगाराला कळणाऱ्या भाषेत निघालं पाहिजे. मराठी, हिंदी, बंगाली, जी असेल ती. जे वाचता येत नाही त्यावर घेतलेली सही म्हणजे सावकाराच्या कागदावरचा अंगठा.

दोन, काम थांबवणाऱ्याचा ठेका पुढच्या फेरीत तुटला, तर का तुटला हे ठेकेदाराने नव्हे, मूळ कंपनीने लेखी सांगावं. कारण नसेल तर त्याला परत घ्यावं. एवढं झालं तरच भिंतीवरचा फलक खरा.

तीन, सुरक्षा समितीत ठेका कामगारांनी निवडलेला माणूस बसला पाहिजे. नेमलेला नाही, निवडलेला. पायपर अल्फाच्या १६७ मरणांनंतर तिकडच्या कामगारांनी ते मिळवलं. आपण आपल्या २२ आणि ८६ मरणांनंतर का मागू नये?

चार, ठेक्यातही आरक्षण, आणि नुसतं हेल्परचं नाही. ल्युब्रिकेटर चालवणं, प्लग बसवणं, दाबाची परीक्षा घेणं ही कामं शिकवून येतात, आईच्या पोटातून येत नाहीत. जळगाव, भुसावळ, जामनेर, धुळे, इथल्या आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या आपल्या पोरापोरींना ते शिक्षण मिळालं पाहिजे. ज्याला यंत्र कळतं त्याच्या 'थांबवा'ला वजन येतं.

पाच, प्रत्येक अपघाताचा चौकशी अहवाल लोकांसमोर. गॅस लोकांचा, समुद्र लोकांचा, मेलेले लोकांतले. मग अहवाल कुणाच्या कपाटात?

शहरातल्या पोरांनो, तुमच्यातले पुष्कळ जण आता कॉम्प्युटरसमोर बसता. काही जण कदाचित त्याच थंड खोलीत, त्याच फळ्यासमोर बसत असाल. तुमच्या बापाने पाटी उचलली म्हणून तुम्ही तिथे पोचलात. तिथे बसून आकडा खाली आलेला दिसला, तर पलीकडच्या माणसाला 'का थांबलं' असं ओरडून विचारू नका. 'काय दिसलं' असं विचारा. एवढ्या एका शब्दाच्या फरकाने माणूस वाचतो. आणि जे रस्त्यावर आहेत, युनियनमध्ये आहेत, वस्तीत काम करतात, त्यांनी गटारात उतरणाऱ्याची आणि समुद्रात जाणाऱ्याची गाठ घालून द्यावी. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. दोघांना मारणारा गॅस मात्र एकच, आणि दोघांना पाठवणाराही एकाच जातकुळीचा. ठेकेदार.

संप म्हणजे दुसरं काय असतं? कामगाराने स्वतःच्या हाताने फिरवलेला व्हॉल्व्ह. म्हणूनच त्याला एवढं घाबरतात. पण संपापर्यंत जायच्या आधी, रोजच्या कामात, गळत्या लोखंडासमोर उभं राहून, पोटावर पाय न येता 'थांबवा' म्हणता आलं पाहिजे. हा हक्क कुणी ताटात वाढून देणार नाही. तो मागायला आपल्या टोळीतली आठच्या आठ माणसं एकदम उभी राहिली पाहिजेत. एकाचं नाव यादीतून गाळता येतं. आठांचं गाळलं तर पाना फिरवायला येणार कोण?